कातळावर भाजी: चिऱ्यांचे उंच वाफे कसे बांधावेत

कोकणात भाजी पावसाने मरते, उन्हाने कमी. जुलैत चार दिवस झड लागली आणि मिरचीच्या बुडाशी पाणी तुंबलं की पाचव्या दिवशी रोप मान टाकतं. मातीतल्या बारीक पोकळ्यांमधली हवा पाण्याने हाकलून दिलेली असते आणि मुळं गुदमरतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं रोप सुकलं, म्हणून तो आणखी पाणी घालतो.

आमचं घर रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहे. परसात कुठेही पहार मारली की वीतभर खाली खण्णकन आवाज येतो. वर तांबड्या मातीचा पातळ थर, खाली सलग कातळ. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फेब्रुवारीपासून मात्र तीच माती विटेसारखी टणक होते. अशा जागी भाजी काढायची तर जमीन वर उचलावी लागते. हे काही नवीन नाही. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, गादीवाफ्यावर टाकणं आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलंय. तीच गादी चिऱ्यांच्या, म्हणजे जांभा दगडाच्या कापीव ठोकळ्यांच्या, चौकटीत बसवली की तिची माती वाहून जात नाही आणि दरवर्षी नव्याने ओढावी लागत नाही.

पुढे जे सांगतोय ते आमच्या परसातल्या वाफ्यांवरून. देशावर काळी माती असेल किंवा घर शहरात असेल तर सामान बदलेल. पाण्याचा विचार मात्र तिथेही आधी करावा लागतो, भाजीचा नंतर.

जागा: आधी पाणी बघा

जमल्यास एक पावसाळा काहीही न बांधता परसात फिरा. मोठी सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासाने छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून निघून जातं ते पाहा. जिथे थांबतं तिथे खुंट्या ठोकून ठेवा. त्या खुंट्यांच्या जागी वाफा नको, कितीही ऊन येत असलं तरी. वाफा कितीही उंच केला तरी त्याचं पाणी शेवटी जमिनीवरच उतरणार, आणि जमीनच तुंबलेली असेल तर ते परत वर चढतं.

दुसरी टाळायची जागा म्हणजे वळचण. कौलांच्या पागोळ्या एका रेषेत पडतात आणि एका पावसाळ्यात वाफ्यात हातभर चर पाडतात. भिंतीपासून निदान चार फूट लांब राहा. विहीर किंवा नळ जवळ असावा. उन्हाळ्यात रोज बादल्या वाहायला लागल्या की एप्रिलपर्यंत उत्साह संपतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

मग ऊन. फळभाजीला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन लागतं. माठ, पालक, कोथिंबीर, अळू यांचं चार तासांत भागतं. इथे एक चूक सहज होते. जागा मे महिन्यात निवडली जाते, तेव्हा सगळीकडेच ऊन असतं. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण डिसेंबरात तो बराच दक्षिणेला कलतो. तेव्हा भर दुपारीही भिंतीची सावली तिच्या उंचीच्या साधारण ८५ टक्के लांब, उत्तरेकडे पडते. म्हणजे दहा फूट भिंतीच्या उत्तरेला साडेआठ फूट सावली. आपली टोमॅटो-वांगी नेमकी याच दिवसांत असतात. म्हणून घराच्या किंवा कुंपणाच्या उत्तरेला वाफा घालायचा असेल तर ही सावली सोडून घाला. झाडांची मुळंही लक्षात घ्या. नारळ किंवा आंब्याच्या पसाऱ्याखाली केलेला वाफा दोन वर्षांत त्यांच्या तंतुमुळांनी भरून जातो आणि खत आपण भाजीला घालतो ते आंबा खातो.

माप

रुंदी चार फूट, त्याहून जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, कारण एकदा भरलेल्या वाफ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही. पायाखाली दबलेली माती पाणी धरून बसते आणि सगळी मेहनत वाया जाते. वाफा गडग्याला (दगड रचून केलेल्या बांधाला) किंवा कुंपणाला लागून असेल आणि एकाच बाजूने हात जाणार असेल तर रुंदी दोन फूट, फार तर सव्वादोन. लांबी आठ ते दहा फूट पुरे. वीस फुटी वाफा दिसायला छान, पण त्याला वळसा घालायचा कंटाळा येतो आणि माणूस मधूनच उडी मारतो.

उंची एक फूट. कातळावर बांधत असाल तर सव्वा ते दीड, कारण मुळांना खाली जायला जागाच नाही. घरात वयस्कर माणसं असतील, गुडघे दुखत असतील, तर एखादा वाफा दोन फुटांचा करा. त्याला माती दुप्पट लागते, पण आमची आई आता चिऱ्यावर बसून निवांत खुरपते.

दोन वाफ्यांमध्ये दोन फुटांची वाट हवी. घमेलं घेऊन चालता आलं पाहिजे आणि उकिडवं बसून वळता आलं पाहिजे.

किती वाफे? मी म्हणेन तीन, भले पहिल्या वर्षी एकच बांधा. कारण पुढे फेरपालटात, म्हणजे पिकं आलटून-पालटून लावण्यात, येईल. जागा मात्र तिन्हींची आजच आखून ठेवा.

चौकट कशाची

लाकडाचा विचार कोकणात सोडून द्या. वाळवी आणि पाऊस मिळून साध्या फळ्या दोन-तीन वर्षांत संपवतात. पोफळीचे ओंडके उभे चिरून लावतात, ते स्वस्त पडतात, पण तेही तात्पुरतेच. जुनी मंगलोरी कौलं घरात पडून असतील तर ती उभी गाडून सहा-सात इंचांचा बुटका वाफा छान होतो. पालेभाजीला तेवढा पुरतो. जुने सिमेंटचे पत्रे मात्र फुकट मिळाले तरी आणू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असतो, आणि ते कापताना, फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. रंगवलेलं किंवा डांबर-तेल पाजलेलं जुनं लाकूडही भाजीजवळ नको.

आपल्याकडे याला सगळ्यात चांगलं म्हणजे जांभा. खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो. सच्छिद्र असल्याने वाफ्यातली ओल थोडी पितो आणि सावकाश सोडतो.

आठ बाय चार फुटांच्या वाफ्याचा हिशोब मांडू. आमच्याकडे येणारा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच उंच. तो आडवा बसवला तर भिंत ९ इंच रुंद होते, म्हणजे वर आरामात बसता येतं. एका थराला २४ चिरे लागतात आणि एखादा कापावा लागतो. दोन थरांना ४८. एखाद-दोन फुटणार, म्हणून ५० मागवा. दोन थरांची उंची १४ इंच होते, त्यातले दोन इंच जमिनीत गाडले की वर बरोबर फूटभर वाफा उरतो. एक चिरा साधारण तीस किलोचा असतो. टेम्पो शक्य तितका जागेजवळ लावायला सांगा आणि एकट्याने उचलाउचल करू नका.

गच्चीवर हे असं बांधायचं असेल तर थांबा. एवढ्या वाफ्यातली ओली माती दीड टनाच्या आसपास जाते, चिऱ्यांचं वजन वेगळं. गच्चीसाठी पिशव्या किंवा हलकं, पालापाचोळ्याचं मिश्रण वापरा आणि वजनाबद्दल इमारतीच्या अभियंत्याला आधी विचारा.

बांधणी

चार खुंट्या, सुतळी, मेजर टेप, पहार, फावडं आणि पाणसळ एवढं सामान पुरतं. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवा. गवंडी अजूनही तेच करतात.

आधी आतल्या मापाचा आयत आखा. कोपरा काटकोनात आहे का ते पाहायला एका बाजूवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर. दोन्ही खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की कोपरा बरोबर. शेवटी दोन्ही कर्ण मोजून बघा, सारखे आले पाहिजेत. वाफा किंचित तिरका झाला म्हणून भाजी उगवायची थांबत नाही, पण चिरे कोपऱ्यात नीट बसत नाहीत आणि सांधे उघडे राहतात.

खाली माती असेल तर आखलेल्या रेषेबाहेर दहा-अकरा इंच रुंद आणि चार इंच खोल चर खणा. तळाशी दोन इंच बारीक दगड-मुरूम घालून चोपा, त्यावर पहिला थर. हा थर पाणसळीत बसवण्यात जितका वेळ जाईल तितका जाऊ द्या. दुसरा थर लावताना खालच्या सांध्यावर वरच्या चिऱ्याचा मध्य आला पाहिजे, म्हणजे भिंत एकमेकांत गुंतते. वाफा एवढाच उंच असेल तर सिमेंट लागत नाही. आपले गडगे वर्षानुवर्षं बिनचुन्याचे उभे आहेत. दोन फुटांच्या वाफ्याला मात्र कोपऱ्यात तरी सिमेंट-वाळूचा माल लावा, कारण भिजलेली माती बाहेर रेटते.

वाफ्याच्या आतली मूळ जमीन कुदळीने वीतभर उकरून सैल करून घ्या. हरळी आणि लव्हाळा असेल तर गाठींसकट काढा. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी पुढच्या वर्षी वाफाभर तोच दिसतो.

खाली कातळ असेल तर काम वेगळं. खणायचं नाही, पण कातळाचा उतार कुठे आहे ते पाणी ओतून बघायचं. पहिला थर मालावर बसवायचा आणि उताराच्या बाजूला दर दोन फुटांवर बोटभर फट मोकळी सोडायची. आमचा पहिला वाफा कातळावर होता. गवंड्याने मोठ्या आपुलकीने सगळे सांधे सिमेंटने भरून दर्जा मारून दिला, आणि मलाही तेव्हा ते नीटनेटकं वाटलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वांगी कोमेजायला लागली. एक रोप उपटलं तर मुळं तपकिरी, बोटांत धरली की साल मोज्यासारखी निघून येत होती आणि गटारासारखा वास येत होता. त्याच दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन खालच्या थरात चार भोकं पाडली. पहिल्या भोकातून बोटाएवढी काळी धार जवळजवळ तासभर वाहत होती. त्या फटी आता मी दर मेमध्ये सळईने साफ करतो. आतून त्यांच्या तोंडाशी नारळाच्या काथ्याचा बोळा ठेवला की पाणी जातं, माती राहते.

तळाला खडी घालावी असं बरेच जण सांगतात. घालू नका. बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजून तुंबेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे खडीने निचरा वाढण्याऐवजी ओल्या मातीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. तेवढ्या उंचीत मातीच भरावी.

भरणी

आठ बाय चार बाय एक फूट म्हणजे ३२ घनफूट, साधारण एक तृतीयांश ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). माती पहिल्या पावसात बसते आणि पालापाचोळा कुजून कमी होतो, म्हणून ४० घनफूट जमवून ठेवा. लिटरमध्ये हे अकराशेच्या वर जातं. तुमच्या घमेल्यात किती मावतं ते एकदा बादलीने पाणी ओतून मोजा. आमच्यात बारा लिटर मावतं, म्हणजे नव्वद-पंचाण्णव घमेली. दोन माणसांचं एका दिवसाचं काम.

आमचं प्रमाण असं: दोन घमेली चाळलेली तांबडी माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं कुजलेला पातेरा (पालापाचोळा). पातेरा कमी पडला तर भाताचं तूस किंवा धुतलेला कोकोपीट. एका वाफ्याला अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळतो. नुसती तांबडी माती भरली तर ती पावसात चिकट होते आणि उन्हात टणक. नुसतं खत भरलं तर पहिलं पीक जोरात येतं आणि सहा महिन्यांत वाफा अर्धा खाली बसतो.

विकत माती घेताना गाडी रिकामी करण्याआधी मूठभर हातात घेऊन बघा. रस्त्याच्या खोदाईतला मुरूम 'लाल माती' म्हणून सर्रास येतो. आमच्याकडेही एकदा आला, आणि तो चाळून काढण्यात दोन दिवस गेले. चांगली माती ओली करून मुठीत दाबली की लाडू होतो, पाणी टपकत नाही, आणि अंगठ्याने टोचलं की लाडू फुटतो. फुटलाच नाही तर चिकण जास्त आहे, पातेरा वाढवा. लाडू वळलाच नाही तर वाळू-मुरूम जास्त, शेणखत वाढवा.

शेणखताचीही परीक्षा आहे. हातात गरम लागत असेल, शेणाचा वास येत असेल, गवताच्या काड्या ओळखू येत असतील तर ते तयार नाही. कच्च्या खताने रोपं करपतात आणि त्यातून हुमणीच्या पांढऱ्या वळलेल्या अळ्या वाफ्यात येतात. मी खत पसरून कोंबड्यांना एक सकाळ त्यात सोडतो. त्या सगळ्या अळ्या टिपून काढतात.

पातेऱ्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपण तो जाळतो. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर, मूळचे गणिताचे शिक्षक, यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून माती घडवण्याचं काम गावोगावच्या लोकांकडून करून घेतलं. त्या परंपरेतलं अमृतजल आम्ही वापरतो. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ कालवायचा. तीन दिवस झाकून ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा ढवळायचं. चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून त्यात सुका पाला रात्रभर भिजवायचा आणि मातीचे पातळ थर देत ढीग लावायचा. ढीग ओलसर ठेवून आठवड्याला वरखाली केला तर दोन-अडीच महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारी माती हाती लागते. आंब्याचा पाला जाड असल्याने वेळ घेतो. गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला मिसळला की काम लवकर होतं.

लाकडाचे ओंडके तळाला घालण्याची पद्धत इथे मी सुचवणार नाही. वाळवीला आमंत्रण मिळतं. नारळाची सोडणं (काथ्याची जाड सालं) चालतात. ती पोकळ बाजू वर करून तळाला एका थरात मांडा, पाणी धरतात आणि हळूहळू कुजतात.

जांभ्याची माती आम्लधर्मी असते. भाजीला सामू (pH, आम्लपणा मोजणारा आकडा) सहा ते सातच्या दरम्यान बरा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून किंवा शासकीय प्रयोगशाळेतून माती तपासून घ्या आणि मगच चुना किंवा डोलोमाइट सांगितलेल्या प्रमाणात घाला. चुना आणि शेणखत एका वेळी मिसळू नका, त्याने खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

मे महिन्याचा फायदा

वाफा एप्रिलच्या मध्यापर्यंत भरून झाला तर उरलेल्या उन्हाचा उपयोग करून घ्या. माती सपाट करा, भरपूर पाणी द्या, आणि पारदर्शक पातळ प्लास्टिक मातीला चिकटेल असं ताणून कडा चिऱ्यांखाली किंवा मातीत दाबा. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं आणि ऊन आत जाऊ देत नाही. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. तणाचं बी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) आणि मर रोगाचा जोर यांत बराच कमी होतो. प्लास्टिक काढल्यावर खोल उकरू नका, खालचं तणाचं बी वर येतं.

काय, कधी, किती

मृगाच्या आसपास वेलभाज्या: पडवळ, शिराळी (दोडकी), कारली, काकडी, दुधी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण श्वेता' पडवळ, 'कोकण हरिता' दोडका आणि 'कोकण तारा' कारली या जाती आपल्या पावसाच्याच आहेत. वेल वाफ्याच्या उत्तरेच्या कडेला लावा, दोन फुटांवर एक, म्हणजे आठ फुटांत चार वेल. मांडवाचे बांबू वाफ्याबाहेर जमिनीत रोवा. वाफ्यातल्या भुसभुशीत मातीत रोवलेला बांबू जूनच्या वाऱ्यात आडवा होतो आणि चिरेही ढकलतो. उरलेल्या जागेत भेंडी: तीन ओळी, ओळीत एक फूट. भेंडीवर पिवळ्या शिरांचा रोग हमखास येतो, त्याला 'अर्का अनामिका' बरीच दाद देत नाही. मुळा पावसाळ्यात हवा असेल तर 'पुसा चेतकी'. कोथिंबीर, पालक यांच्या नादी जुलैत लागू नका. सरींच्या माऱ्याने कोंब मातीत गाडले जातात.

दिवाळीच्या सुमारास वाफा रिकामा झाला की हिवाळी भाज्या. वांगी दोन ओळींत दोन-दोन फुटांवर, म्हणजे एका वाफ्यात आठ झाडं, आणि चार माणसांच्या घराला ती पुरून उरतात. मिरची तीन ओळी, दीड फुटावर. मधल्या मोकळ्या जागेत पहिल्या महिन्यात मुळा किंवा लाल माठ निघून जातो. माठ, मेथी, पालक बोटभर अंतरावर ओळीत पेरा, फेकून नको. ओळीत असलं की तण ओळखू येतं.

मार्चनंतर चवळी, माठ, काकडी. वाफा रिकामा ठेवायचाच असेल तर ताग पेरून फुलोऱ्याआधी कापून तिथेच पसरा.

पाणी आणि आच्छादन

उंच वाफा पावसाळ्यात जितका उपयोगाचा, उन्हाळ्यात तितकाच लवकर सुकतो. आठ बाय चारच्या वाफ्याला मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला १५ ते १८ लिटर पाणी लागतं. ठिबक करायचं असेल तर तीन नळ्या, दर ३० सेंटीमीटरवर तासाला दोन लिटरचे ड्रिपर. एकूण २४ ड्रिपर होतात आणि वीस मिनिटांत सोळा लिटर पाणी जातं. झारीने घालत असाल तर सकाळी आणि बुडाशी. संध्याकाळी ओली राहिलेली पानं बुरशीला बोलावतात.

मातीवर दोन-तीन इंच पेंढा किंवा पातेरा बारा महिने हवाच. उन्हाळ्यात तो ओल टिकवतो, पावसाळ्यात सरींचा मार अंगावर घेतो. फक्त रोपाच्या बुडापासून चार बोटं लांब ठेवा. त्याखाली गोगलगायी जमतात हे खरं. त्यासाठी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून रात्री वाटेवर टाकायचं. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजा घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे रोज केलं तर पुढे त्रास कमी.

खत एकदम देऊ नका. एवढ्या पावसात सगळं धुपून जातं. दर पंधरा दिवसांनी रोपाला मूठभर गांडूळखत, किंवा पाऊस उघडला असताना पातळ केलेलं अमृतजल.

मर ओळखण्याची रीत आणि फेरपालट

वांगी, टोमॅटो किंवा मिरचीचं हिरवंगार झाड एका दुपारी अचानक मलूल झालं आणि माती ना तुंबलेली ना सुकलेली, तर ते उपटून ही तपासणी करा. मातीच्या वर दोन इंचांवर खोड धारदार सुरीने कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि खोडाचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं धरा. हलवू नका. काही मिनिटांत टोकातून दुधासारखे बारीक धागे खाली उतरायला लागले तर तो जिवाणूंचा मर रोग. आमच्या दुसऱ्या वाफ्यातल्या टोमॅटोचे धागे मी खिडकीच्या उजेडात पाहिले, अगरबत्तीचा धूर उलटा खाली जावा तसे. धागे नसतील तर कारण बुरशी किंवा मुळं कुजणं.

जिवाणूचा मर असेल तर ते झाड मुळासकट काढून वाळवून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका, आणि सुरी, खुरपं उकळत्या पाण्याने धुवा. औषधाने हा रोग बरा होत नाही. पुढची तीन वर्षं त्या वाफ्यात वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा काही नाही. तीन वाफे हवेत असं म्हटलं ते यासाठी: एका वर्षी एकात वांगी-मिरची, दुसऱ्यात वेल आणि भेंडी, तिसऱ्यात चवळी-वाल आणि पालेभाज्या, आणि दरवर्षी एक घर पुढे सरकायचं. रोग आलेला वाफा या फिरण्यातून वांगी-मिरचीपुरता तेवढी वर्षं वगळायचा. मर सोसणारी 'अर्का निधी', 'अर्का केशव' ही वांगी किंवा 'अर्का रक्षक' टोमॅटो लावला तरी हे फिरणं सोडू नका.

माकडांवर माझ्याकडे पक्का उपाय नाही. मांडवावरून खाली जमिनीपर्यंत जाळं सोडलेला वाफा वाचतो, उघडा वाचत नाही.

दर मेमध्ये

वाफा खणायचा नाही. जुनी झाडं उपटण्याऐवजी बुडाशी कापा, निरोगी मुळं आत राहू द्या. ती कुजून पाण्याला आणि हवेला वाटा करतात. वर दोन इंच कुजलेलं खत पसरा. आमच्या मापाच्या वाफ्याला ते साधारण बारा घमेली होतं. सरकलेले चिरे सरळ करा, फटी सळईने मोकळ्या करा, वाटेवरचं गवत कापून तिथेच टाका.

पुढचा वाफा बांधायचा असेल तर त्याचे चिरे एप्रिल संपायच्या आत आणून रचून ठेवा. पावसाला सुरुवात झाली की चिरेखाणी पाण्याने भरतात आणि सड्यावरच्या चिखलात टेम्पो येत नाही.